कडेकडेने जा



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर बोललं गेलं, राज्यघटनेवर बोललं गेलं, शेतीच्या अर्थकारणावर तर तीन दिवस बोललं गेलं. त्यामुळे माझा विषय ऐकल्यावर कार्यवाहांनी फोनवर पुन्हा विचारलं, ‘सायकल? नुसती सायकल?’ नुसती नव्हे. शहराच्या रहदारीतून सायकलवर जाणं आणि संध्याकाळी धडधाकट घरी येणं, असा माझा विषय आहे. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, ते निवृत्त होईपर्यंत सायकलवरून शाळेत जात. पुढच्या रांगांमध्ये बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. तेव्हा विषय इथे अगदीच परका नाही.

एक आधीच सांगून टाकतो. सायकलमुळे गुडघे कसे बळकट होतात, हवा कशी शुद्ध राहते, पेट्रोल किती वाचतं, यातलं मी काहीही सांगणार नाही. ते तुम्हाला पाठ आहे. पाठ असूनही तुम्ही सायकल काढत नाही, कारण तुम्हाला भीती वाटते. ‘अहो, ट्रॅफिक बघितलंय का?’ हे त्याचं एका वाक्यातलं उत्तर. ही भीती खोटी नाही. पण ती कशाची असायला हवी आणि आपण ती कशाची बाळगतो, यात मोठं अंतर आहे. आजचं सगळं बोलणं त्या अंतराविषयी आहे.

पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे वाक्य मी आज एकदाच म्हणणार आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्या काळातला सायकलस्वार काय फार शिस्तीचा होता? मुळीच नाही. डबलसीट, प्रसंगी ट्रिपलसीट, हात सोडून, दिव्याशिवाय, सगळं चालायचं. तरी तो बऱ्यापैकी सुखरूप होता. का? कारण पुढचा सायकलवर, मागचा सायकलवर, बाजूचाही सायकलवर. रस्त्याचा वेगच सायकलचा होता. मग पुण्याच्याच बजाजची चेतक आली, पुण्याच्याच फिरोदियांची लूना आली, दोन्ही १९७२ सालच्या. पुणेकराला सायकलवरून उतरवायला बाहेरचं कुणी आलं नाही, हे आपण नमूद करून ठेवू.

आज सायकलवर कोण आहे? डोळ्यांसमोर येतो तो हेल्मेट, चट्टेरीपट्टेरी टी-शर्ट आणि लाखाची सायकल असलेला पहाटेचा स्वार. त्याच्याविषयी मला आदर आहे. पण रात्री अकराला पाळी संपवून घरी निघालेला सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, बांधकामावरचा गवंडी, क्लासला जाणारी सातवी-आठवीतली मुलं, हे सायकलस्वार संख्येने कितीतरी जास्त आहेत. ते हौसेने सायकलवर नाहीत. सायकल सोडली तर त्यांना चालत जावं लागेल. सुरक्षिततेची बहुतेक पत्रकं पहिल्यासाठी छापली जातात आणि गाडीखाली दुसरा येतो.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. त्यांत सायकलस्वार साडेचार ते पाच हजारांच्या दरम्यान. म्हणजे रोज बारा-तेरा. पायी चालणारे ३२ हजार ८२५ आणि दुचाकीवरचे जवळजवळ ७५ हजार. ‘सायकल धोक्याची, त्यापेक्षा स्कूटर बरी’ असं मुलाला सांगणाऱ्या पालकांनी हा शेवटचा आकडा जरा लक्षात ठेवावा. स्कूटर वापरणारे जास्त आहेत म्हणून मरणारेही जास्त, हे मला कबूल आहे. पण अठरा वर्षं पूर्ण होताच मुलाला ज्या वाहनाची किल्ली आपण हौसेने देतो, ते सुरक्षित आहे हे कुणी ठरवलं?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मूल पहिल्यांदा सायकल घेऊन रस्त्यावर निघालं की आई गॅलरीतून काय ओरडते? ‘कडेकडेने जा रे!’ आजी तेच सांगते, वॉचमन तेच सांगतो, मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून तेच सांगतो. मी आज तुमच्यासमोर उभा आहे तो हे सांगायला की हा सल्ला, मायेने दिलेला असला तरी, चुकीचा आहे आणि कधीकधी जीवघेणा आहे.

आपल्या रस्त्याची डावी कड कशी असते ते आठवून बघा. तिथे चेंबरची झाकणं असतात, रस्त्याच्या पातळीखाली चार बोटं किंवा वर दोन बोटं. रस्त्यावर नवा थर चढतो, झाकण जिथल्या तिथेच राहतं, मग तिथे खड्डा झाला म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण मोटारीचं चाक तिथून जातच नाही. तिथे पावसाळी गटाराची जाळी असते, आणि तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलचं चाक त्यात सरळ उतरतं. सिमेंटचा रस्ता संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे लांबच लांब भेग असते. वाळू तिथेच, काचा तिथेच, साचलेलं पाणी तिथेच. रिक्षा थांबते तिथे, पीएमपीची बस थांबते तिथे, आणि उरलेल्या जागेत मोटारी उभ्या असतात.

अशा कडेने जाणारा सायकलस्वार सरळ जाऊच शकत नाही. तो दर पन्नास पावलांवर काहीतरी चुकवायला एकदम उजवीकडे येतो. मागच्या मोटारवाल्याने तो कडेला आहे असं धरून चाललेलं असतं. ‘अचानक मधे आला हो’ असं नंतर पोलीसचौकीत सांगितलं जातं. आणि ते खोटंही नसतं! तो खरोखरच अचानक मधे आलेला असतो. त्याला अचानक मधे आणलं कुणी? त्या सल्ल्याने.

मग कुठून जायचं? कडेपासून निदान हातभर, शक्य तर मीटरभर आत, आणि एका रेषेत. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जात असाल तर आणखी लांब, उघडलेलं दार तुमच्यापर्यंत पोचणार नाही इतकं. मोटारीचं दार उघडणारा माणूस मागे बघत नाही, तो मोबाइल खिशात टाकत असतो. दार आदळल्याने होणारी इजा एक वेळ परवडली. दार चुकवायला तुम्ही उजवीकडे झुकता आणि मागून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात जाता, ते नाही परवडत. डच लोकांनी यावर साधा उपाय काढला आहे. मोटारीतल्या माणसाने दार लांबच्या हाताने उघडायचं. आपल्याकडे चालकाने डाव्या हाताने. असं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. आज इथे मोटारीने आलेले निम्मे तरी असतील. जाताना करून बघा.

आणि रस्ता इतका अरुंद असेल की मोटार तुमच्या बाजूने नीट जाऊच शकत नाही, तर? तर लेनच्या मध्यातून चला. हे ऐकून काहींच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. पण विचार करा. कडेला राहिलात तर मागच्याला वाटतं, जागा आहे, कट मारून जाऊ, आणि तो हँडलला घासून जातो. मध्ये असलात तर त्याला थांबावंच लागतं. तो हॉर्न वाजवेल, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. करू द्या. हॉर्न वाजवला याचा अर्थ त्याने तुम्हाला बघितलं. ज्याने बघितलेलं नाही तो हॉर्न वाजवत नाही.

अर्थात याला एक अट आहे. मध्ये यायचं ते मागे बघून, हात दाखवून. मागे वळून बघताना हँडल आपोआप वळतं, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून मुलाला रस्त्यावर सोडण्याआधी मैदानात चुन्याची रेघ मारा, आणि मागे तुम्ही किती बोटं दाखवताय ते त्याने रेघ न सोडता सांगितलं पाहिजे. जमलं तर रस्ता. नाही जमलं तर अजून मैदान. आपण मुलांना तोल शिकवतो आणि शिक्षण झालं म्हणतो.

आता मोठ्या गाड्यांविषयी बोलतो, आणि इथे थोडा वेळ घेतो.

डंपर, टँकर, सिमेंटचा मिक्सर, बस. चौकात सिग्नलला असा डंपर उभा आहे. त्याच्या डाव्या बाजूला फुटपाथपर्यंत सायकल जाईल एवढी जागा मोकळी आहे. सगळ्यांच्या पुढे जाऊन उभं राहण्याचा मोह होतो. होतो ना? तो मोह आवरा. एरवी मी सायकलवाल्यांना नियमांची यादी वाचून दाखवत नाही, पण हा एक नियम जिवाचा आहे. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला आपल्या दाराखालचं आणि डाव्या पुढच्या कोपऱ्याजवळचं दिसतच नाही. आरशातही नाही. तुम्ही त्या जागेत उभे असलात तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच.

त्यातून तो डावीकडे वळला तर काय होतं? पुढची चाकं रुंद वळण घेतात, मागची चाकं आतून, आखूड वाटेने येतात. पुढचं चाक तुमच्यापासून लांब गेलेलं बघून तुम्ही निश्चिंत होता, आणि गाडीची बगल तुमच्याकडे सरकत येते. एका बाजूला फुटपाथ, दुसऱ्या बाजूला ट्रक, आणि मधली जागा क्षणाक्षणाला कमी होत जाते. लंडनमध्येही आपल्यासारखी वाहनं डावीकडून चालतात. तिथले सायकलस्वारांचे कितीतरी मृत्यू नेमके याच वळणावर झाले. म्हणून तिथे ट्रकच्या केबिनमधून चालकाला प्रत्यक्ष डोळ्यांनी किती दिसतं यावर त्या ट्रकला शहरात परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे ट्रकच्या बगलेला, चाकांच्या मधल्या जागेत, आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात. माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून त्या असतात. बांधकामाच्या वाहनांवर त्या किती वेळा वाकलेल्या किंवा गायब दिसतात, ते तुम्ही उद्या स्वतः बघा.

म्हणून ट्रकच्या मागे थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या डाव्या अंगाला कधीही नाही, रस्ता कितीही मोकळा दिसो. हे पुन्हा सांगतो, कारण घरी गेल्यावर या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर ते हेच राहावं: ट्रकच्या डावीकडे कधीही नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर? विद्यापीठ चौकात किंवा स्वारगेटला मधल्या लेनमध्ये घुसून मर्दुमकी दाखवायची गरज नाही. सरळ पलीकडे जायचं, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबायचं, सायकलचं तोंड फिरवायचं आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सगळ्यांबरोबर निघायचं. मिनिटभर जास्त जाईल. राँग साइडने जाण्याविषयी मी बोलत नाही. इथे बसलेले सगळे ते करत नाहीत असं आपण सभ्यपणे धरून चालू.

साधनांचं थोडक्यात. जुनी काळी सायकल, सळीचे ब्रेक, चकचकीत पोलादी रिम. पावसात ती रिम ओली झाली की ब्रेकची रबरं नुसती घसरतात. पहिले काही फेरे ब्रेक लागल्यासारखाच वाटत नाही. आपल्याकडच्या कामकरी माणसाची सायकल अजून बहुतेक हीच आहे. तेव्हा पावसात अंतर दुप्पट ठेवा आणि उतारावर आधीपासूनच ब्रेक हलका टेकवत रहा, म्हणजे रिम पुसली जाते. दिव्याविषयी तर आपले आजोबा आपल्यापेक्षा शहाणे होते, किंवा निदान त्यांचे पोलीस होते. दिव्याशिवाय सायकल दिसली की हवालदार पकडत असे, म्हणून चौक आला की लोक खाली उतरून सायकल हातात धरून चालत. त्या काळी रस्त्यावर मोटारी तुरळक होत्या. आता मोटारींनी रस्ता भरला आहे, आणि दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. मागे लाल दिवा हवा, तोही लुकलुकणारा. पुढे पांढरा. तुम्हाला दिसावं म्हणून नव्हे. तुम्ही दिसावं म्हणून.

आणि हेल्मेट. प्रश्नोत्तरांत हा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच उरकतो. घाला. मीही घालतो. पण त्याची मर्यादा जाणून घाला. सायकलच्या हेल्मेटची चाचणी साधारण ताशी वीस किलोमीटर वेगाने डोकं आपटेल एवढ्या आघातावर होते. म्हणजे तुम्ही स्वतः घसरून पडलात तर ते तुम्हाला वाचवेल. डंपरपासून वाचवेल अशी त्याच्याकडून अपेक्षा करू नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली हेल्मेटची सक्ती केली, तेव्हा डोकी फुटणं कमी झालं खरं, पण त्याबरोबर सायकल चालवणारी किशोरवयीन मुलंही कमी झाली. एखाद्या शहराने सायकलस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि काम झालं असं मानलं, तर मला त्या शहराची काळजी वाटते.

मघाशी म्हटलं तो भीतीचा मुद्दा इथे परत घेतो. आपल्याला गर्दीची भीती वाटते. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सायकल काढायची म्हणजे अंगावर काटा येतो, आणि पहाटे मोकळ्या हमरस्त्यावर मात्र आपण बिनधास्त असतो. प्रत्यक्षात उलटं आहे. गर्दीत सगळ्यांचाच वेग दहा-बारा. धक्का लागेल, खरचटेल, भांडण होईल. मोकळ्या रस्त्यावर मात्र वेग असतो, आणि जीव तिथे जातो. २०२४च्या फेब्रुवारीत नवी मुंबईच्या पामबीच रस्त्यावर पहाटे सहाच्या आत मागून आलेल्या टॅक्सीने अवतार सैनी यांना उडवलं. ते इंटेलच्या भारतातल्या कामाचे प्रमुख राहिलेले, पेंटियम चिपच्या जडणघडणीत असलेले अभियंते. रस्ता रुंद होता, वेळ रहदारीची नव्हती.

वेग दुप्पट झाला की आघाताची ताकद चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. ताशी तीसच्या जागी पन्नास म्हटलं तर आपल्याला वीसचाच फरक वाटतो. आघात पावणेतीन पट वाढलेला असतो. तीसच्या वेगाने येणारी मोटार चालकाने बघितल्यापासून पंधरा मीटरच्या आत-बाहेर थांबते, साठची थांबायला चाळीसेक मीटर घेते. म्हणून २०२० साली स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला, की जिथे माणसं आणि मोटारी मिसळतात तिथे मर्यादा तीसची असावी. आपल्याकडे एखाद्या पेठेतल्या गल्लीत तीसची पाटी लावा असं म्हटलं तर लोक हसतील. पण त्याच गल्लीत आपण रबरी गतिरोधक मागतो आणि मिळवतो!

नेदरलँड्समध्ये सायकल आहे कारण तिथे सपाट जमीन आहे, असं सांगितलं जातं. जमीन १९७१ सालीही सपाटच होती. त्या वर्षी त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मेले, त्यांत चारशेवर मुलं. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यातून चळवळ उभी राहिली: मुलांचे खून थांबवा. ‘अपघात’ नव्हे, ‘खून’. आयाबाप रस्त्यावर बसले. पुढे १९७३ला तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि मोकळे रस्ते कसे दिसतात ते लोकांनी बघितलं. आज जे सायकलमार्ग बघायला आपले नगरसेवक ॲमस्टरडॅमला जातात, ते त्या आईबापांच्या रागातून आलेले आहेत. दौऱ्यात हे सांगतात की नाही, कल्पना नाही.

आपणही मार्ग बांधले. २००६च्या बीआरटी बसमार्गाबरोबर सातारा रस्त्यावर बांधले, नंतर जंगली महाराज रस्त्यावर बांधले, २०१७ साली महापालिकेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला. याच सुमारास भाड्याच्या पिवळ्या, नारिंगी सायकलीही आल्या आणि गेल्या. मार्गांचं काय झालं? काहींवर मोटारी उभ्या आहेत, काहींवर भजीची गाडी. पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. हे मार्ग चौक आला की संपतात. सरळ रस्त्यावर, जिथे मी कसाबसा निभावून नेतो, तिथे मला फरशा घातलेली वाट आहे. आणि चौकात, जिथे डंपर वळतो, तिथे काही नाही. कोलकात्याने तर २०१३मध्ये शंभराहून अधिक रस्त्यांवर सायकललाच बंदी केली. तिथे दूधवाल्याने, वर्तमानपत्रवाल्याने काय करायचं, याचं उत्तर बंदी घालणाऱ्यांनी शोधलं नव्हतं.

पीटर जेकबसन नावाच्या अभ्यासकाने २००३ साली अनेक शहरांचे आकडे तपासून दाखवलं, की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर अपघात दुप्पट होत नाहीत, आणि एकेका स्वाराचा धोका साधारण एक-तृतीयांशाने उतरतो. चालकांना सायकल बघायची सवय होते. खडकीच्या त्या कामगारांचं गणित हेच होतं. म्हणजे तुम्ही सायकल काढता तेव्हा त्या वॉचमनचा धोकाही थोडा कमी करता. आणि भीतीने तुम्ही ती गॅलरीत टांगून ठेवलीत, तर तो रस्त्यावर आणखी एकटा पडतो.

माझी वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. तेव्हा कामाचं बोलून थांबतो. आपल्या महापालिकेत नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६-०७ पासून चालू आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रभागातलं लहानसं काम सुचवायचं. लोक बाकं मागतात, कमानी मागतात, नावांच्या पाट्या मागतात. यंदा तुम्ही गटाराच्या जाळ्या मागा. म्हणजे फटी रस्त्याला आडव्या बसवायला सांगा. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणायला सांगा, आणि कुठली ते खांबाच्या क्रमांकासकट लिहा. नाहीतर ‘पाहणी केली, आढळ झाला नाही’ असं उत्तर येतं. अर्जाचा नमुना मी पन्नास प्रतींत आणला आहे, तो दाराशी चपलांच्या स्टँडजवळच्या टेबलावर ठेवला आहे. बाजूला लाल दिव्यांची एक पेटी आहे. ते तुमच्यासाठी नाहीत, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनसाठी आहेत. घरटी एकच घ्या.